नाही तर नाही म्हण

अगं, तुझ्या कंपायलरनं पडदाभर ओकलेले एरर पाहिले. घाबरू नको. त्यातला पहिला तेवढा खरा, बाकीची त्याची पिल्लावळ. प्रोग्रामच्या वरच्याच ओळीत ‘आणा गुण’ म्हटलंस. ‘गुण’ नावाची फाइल फोल्डरमध्ये नव्हती. तुझ्या कंपायलरनं ‘वॉर्निंग: फाइल मिळाली नाही’ असं पुटपुटून पुढची ओळ धरली, आणि मग त्या फाइलमधलं एकेक नाव त्याला अनोळखी लागत गेलं. ‘एकूण’ कोण? माहीत नाही. ‘सरासरी’ काय? माहीत नाही. ज्याला मूळ दुखणं शोधायचंय त्यानं हा ढीग उपसत वर जायचं, आणि वर सापडणार काय, तर एक फिकी वॉर्निंग, जिच्याकडं कुणी बघत नाही.

आई सांगत होती, सुट्टीत आसगावला आलीस तरी लॅपटॉपपुढून हलत नाहीस आणि धानाच्या कापणीचं बाबा एकटेच बघतात. त्यावर वेगळं बोलू. आधी तुझ्या मराठी प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरचा प्रोजेक्ट. तू विचारलंस की फाइल नसली तर एरर द्यायचा की वॉर्निंग, आणि ते ठरवायची मुभा वापरणाऱ्याला द्यायची का. हे दोन प्रश्न तू एकत्र बांधलेस, तिथंच गाठ पडली. माझं मत सरळ सांगते: फाइल नसली तरी चालेल की नाही, हे ती फाइल मागणाऱ्यानं प्रोग्राममध्येच लिहून ठेवावं. कंपायलरनं मनानं ठरवू नये, आणि कमांडलाइनवरच्या एखाद्या स्विचनंही ते पालटता येऊ नये. वॉर्निंग कडक करायची की सैल, हा निराळा कारभार आहे. त्यात वापरणाऱ्याला वाव दे, पण कसा आणि किती ते पुढं सांगते.

तुला सीचं उदाहरण जवळचं. तुमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे म्हणालीस. बाप्पा! बोरलँडचा तो निळा पडदा १९९०च्या सुमाराचा आहे, आजच्या विंडोजवर तो चालवायला डॉसबॉक्स लावावा लागतो. त्यावर शिकलेलं पोर घरी उबुंटू घालतं, सवयीनं ‘कोनिओ डॉट एच’ किंवा ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ लिहितं, आणि जीसीसी थोडक्यात विषय संपवतो. ‘फेटल एरर’, फाइलचं नाव, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. खाली ‘कंपायलेशन टर्मिनेटेड’. पोराला वाटतं लिनक्स बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. ‘कोनिओ’ सीच्या प्रमाण ग्रंथालयात कधी नव्हतीच, ती डॉसवरच्या कंपायलरांची घरगुती सोय होती. आणि सी-प्लस-प्लसच्या हेडरांमागचं ते ‘डॉट एच’ १९९८च्या प्रमाणात गळून पडलं.

जीसीसी आधीपासून असा शहाणा नव्हता. त्याच्या जुन्या आवृत्त्या हेडर नसल्याचा एरर देऊन पुढं वाचत राहायच्या, आणि आज तुझ्या पडद्यावर दिसलं तसंच रामायण तिथंही घडायचं. पुढं त्यांनी तो एरर जीवघेणा ठरवला, म्हणजे तिथंच थांबायचं. ते योग्यच होतं, पण काहून योग्य ते नीट समजून घे, कारण तुझ्या भाषेत तेच कारण लागू होईलच असं नाही.

सीमध्ये इन्क्लूड म्हणजे त्या फाइलचा मजकूर उचलून जिथल्या तिथं चिकटवणं. तो मजकूर नसेल तर पुढचं व्याकरणसुद्धा लागत नाही. ‘अ, मग तारा, मग ब’ अशी ओळ आली, तर तो अ आणि बचा गुणाकार आहे की अ या प्रकाराचा ब नावाचा पॉइंटर जाहीर केलाय? ‘अ’ हे प्रकाराचं नाव आहे का, यावर ते ठरतं, आणि ती माहिती त्या नसलेल्या हेडरमध्ये होती. म्हणजे हेडर गेल्यावर सीचा कंपायलर खरोखर आंधळा होतो. आंधळ्यानं पुढचा रस्ता सांगू नये, एवढंच जीसीसीनं मान्य केलं.

तुझ्या भाषेत ‘आणा’ मजकूर चिकटवत नाही, नावं आणतो. वाक्याची रचना तुला फाइल नसतानाही कळते. म्हणून पहिल्याच ‘आणा’वर जीव सोडायची तुला गरज नाही. जीसीसीचा एक ताप मला रोज होतो: एक हेडर आणून बसवलं की तो दुसरं नाही म्हणतो, ते बसवलं की तिसरं. मोठ्या प्रोजेक्टात अशानं दुपार जाते. तू असं कर. आधी सगळ्या फाइलींतले ‘आणा’ गोळा कर, आणलेल्या फाइलींतलेही. ज्या मिळाल्या नाहीत त्या सगळ्या एकदमच सांग, प्रत्येकीपुढं कुठल्या फाइलीच्या कुठल्या ओळीनं ती मागितली तेही लिही, आणि मग थांब. प्रकारांची तपासणी, कोड तयार करणं, काही नको.

आणि समज तुला थांबायचं नसेलच, म्हणजे बाकीच्या चुकाही त्याच फेरीत दाखवायच्या असतील, तर रस्टचा कंपायलर करतो ते बघ. जे नाव आणता आलं नाही त्याच्या जागी तो एक बुजगावणं उभं करतो, आणि त्या नावाशी संबंध येईल तिथं मुकाट राहतो, कारण तिथल्या तक्रारीत नवं काही नसतं. मूळ चूक एकदाच ऐकू येते. पण हे नीट जमायला एरर नावाचा एक खास प्रकार तुझ्या टाइप-चेकरमध्ये सगळीकडं फिरवावा लागेल. सबमिशनला तुझ्याकडं उरलेला वेळ बघता, गोळा कर आणि थांब, हेच बरं.

आता संदेशाबद्दल. ‘फाइल मिळाली नाही’ हे अर्धं वाक्य आहे. कुठं शोधली ते सांगितलंस तर ते पुरं होतं. ‘आसगाव’ एवढाच पत्ता लिहिलेलं पत्र कुठं जाईल, सांग बरं. आपलं आसगाव पवनी तालुक्यातलं, म्हणून तर कागदोपत्री नावापुढं कंसात ‘चौ.’ लावतात, चौरास भागातलं आसगाव ते हे. गोव्यात बारदेशातही एक आसगाव आहे. पत्र मुळीच पोचलं नाही तर चौकशी तरी होते. चुकून बारदेशात पोचलं तर आपण वाट बघत बसणार, आणि पाठवणारा म्हणणार, पोचलं ना! फाइलींचं अगदी असंच होतं. अवतरणचिन्हांतलं हेडर सीचा कंपायलर आधी त्याच फोल्डरमध्ये बघतो, मग ‘आय’ स्विचनं दिलेल्या फोल्डरांत दिलेल्या क्रमानं, मग सिस्टिमच्या जागांत. तुझी ‘कॉन्फिग डॉट एच’ फोल्डरमधून उडाली आणि पुढं कुठल्या लायब्ररीत त्याच नावाची दुसरी निघाली, तर एरर येतच नाही. येतो तो चार दिवसांनी, भलत्याच जागी, भलत्याच रूपात.

म्हणून तीन गोष्टी तुझ्या कंपायलरला शिकव. फाइल नसल्याच्या एररखाली शोधलेल्या जागा क्रमानं छाप. जीसीसी आपणहून त्या सांगत नाही, ‘व्ही’ स्विच द्यावा लागतो. दुसरी, शोधायला दिलेलं फोल्डरच अस्तित्वात नसेल तर ते बोल. इथं जीसीसी मला पटत नाही: ‘आय’ स्विचपुढं तू ‘इन्क्लूड’ऐवजी ‘इनक्लूड’ नावाचं न जन्मलेलं फोल्डर दिलंस तरी तो गप्प ते सोडून देतो. ‘व्ही’ लावला तरच कुठं तरी ‘इग्नोरिंग नॉनएक्झिस्टंट डिरेक्टरी’ असं पुटपुटतो. ‘मिसिंग-इन्क्लूड-डिर्स’ नावाची वॉर्निंग त्यासाठी आहे, पण ती मागावी लागते. तुझ्याकडं ती न मागता असू दे. तिसरी, मिळालेली प्रत्येक फाइल नेमकी कुठून उचलली हे दाखवणारा एक स्विच ठेव. जीसीसीत तो मोठा ‘एच’. बारदेशात गेलेलं पत्र यानंच सापडतं.

तुझ्या प्रोजेक्टची आणखी एक गंमत आहे, जी सीवाल्यांना नाही. त्यांचा छळ लहान-मोठ्या अक्षरांनी होतो. विंडोजवर ‘मार्क्स डॉट एच’चा एम मोठा काढला काय, लहान काढला काय, चालतं, तोच कोड लिनक्सवर नेला की फाइल नाही. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून तू निर्धास्त आहेस. होऊ नकोस. ‘वऱ्हाड’ नावाची फाइल करून बघ. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखे. शिवाय कुणाचा कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं टाकून तोच आकार काढतो. लिनक्सला फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं. प्रोग्राम लिहिणारी मुलगी शपथ घेऊन सांगेल की फाइल समोर आहे, कंपायलर शपथ घेऊन सांगेल की नाही, आणि दोघंही खरं बोलतील. युनिकोडचं ‘एनएफसी’ नावाचं नियमन पहिल्या दोन्हींना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. तो जोडक तुलाच हाताळावा लागेल. फाइल मिळाली नाही की फोल्डरमधली नावं एकदा चाळ, दिसायला सारखं पण बाइटांनी वेगळं असं काही निघालं तर तसं सांग. वायवातला एक्स्टर्नल यावर पाच मिनिटं तरी अडकेल, आणि तेवढा वेळ तुला दुसरं काही विचारणार नाही.

बरं, आता ‘नसली तरी चालेल’ त्या फाइलींचं. अशा असतात. प्रत्येकाच्या मशीनवरची आपापली सेटिंगची फाइल, कुणाकडं असेल, कुणाकडं नसेल. तुझी अडचण मला कळली: त्या एका फाइलीसाठी तू सगळ्याच नसलेल्या फाइलींना वॉर्निंगवर आणलंस. पीएचपीनं यासाठी दोन शब्द ठेवलेत. ‘इन्क्लूड’ फाइल नसली तर वॉर्निंग देऊन पुढं जातो, ‘रिक्वायर’ तिथंच थांबतो. दोन शब्द ठेवले हे चांगलं. पण सोपा, सगळ्यांच्या तोंडी बसलेला शब्द सैल वागणाऱ्याला दिला, हे मला कधीच आवडलं नाही. कल्पना कर: वरच्या ओळीत लॉगिन तपासणारी फाइल ‘इन्क्लूड’नं आणली. सर्व्हरवर चढवताना ती फाइल राहून गेली. चालू सर्व्हरवर वॉर्निंगा पडद्यावर दाखवत नाहीत, आणि दाखवू नयेतच. झालं, लॉगिन न तपासता पान उघडं. कुणीही यावं.

लाटेकचंही तेच. तुझ्या मैत्रिणीचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात आहे ना? तिला सांगून ठेव. ‘इनपुट’नं मागितलेली फाइल नसेल तर लाटेक अडतो. ‘इन्क्लूड’नं मागितलेलं प्रकरण नसेल तर लॉगमध्ये ‘नो फाइल’ अशी एक ओळ लिहून पुढचं प्रकरण घेतो, आणि पीडीएफ तयार. चौथं प्रकरण नसलेला रिपोर्ट बाइंडिंगला जातो.

ग्नू मेकची चाल त्या मानानं नेटकी. साधा ‘इन्क्लूड’ कडक: फाइल नसेल तर आधी ती तयार करता येते का बघतो, नाहीच जमलं तर थांबतो. पुढं आडवी रेघ काढून लिहिला तर सैल, मग अवाक्षर काढत नाही. म्हणजे ढिलाई हवी असेल तर ती मागावी लागते, आणि मागितल्याची खूण फाइलीतच राहते. सी-प्लस-प्लसनं २०१७च्या प्रमाणात आणि सीनं नव्या सी-२३मध्ये ‘हॅज-इन्क्लूड’ घेतलं, ते त्याच वळणाचं: आधी विचार, आहे का? असेल तर असं कर, नसेल तर तसं.

तेव्हा तू दोन शब्द ठेव. ‘आणा’ म्हणजे हवीच. ‘असल्यास आणा’ म्हणजे नसली तरी हरकत नाही. आणि ‘असल्यास’चा अर्थ काटेकोर ठेव, नाही तर त्याच बिळातून साप येतो. फाइल अस्तित्वातच नाही, एवढ्यालाच ती माफी. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, फाइल आहे पण आत व्याकरणाची चूक आहे, फाइल आहे पण तिनं मागितलेली पुढची फाइल नाही, हे सगळे पूर्ण एरर. ‘असल्यास आणा’ जिथं लिहिलंय तिथं वाचणाऱ्याला दिसतं की हे जाणूनबुजून आहे. कमांडलाइनवर दडवलेला ‘नसलेल्या फाइली माफ करा’ असा स्विच सहा महिन्यांनी कुणाच्या ध्यानात राहत नाही. तो काढूनच टाक. सर रागावणार नाहीत, उलट विचारतील तेव्हा तुझ्याकडं कारण असेल.

वॉर्निंग-एररच्या पातळ्यांचं सांगते आता. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर कोबॉल कंपाइल केला की आजही शेवटी एक आकडा मिळतो: ०, ४, ८, १२ किंवा १६. ० म्हणजे सगळं ठीक किंवा नुसती माहिती, ४ वॉर्निंग, ८ एरर, १२ गंभीर, १६ म्हणजे पुढं जाणं अशक्य. त्या आकड्यावरून पुढचं काम चालवायचं की नाही, हे कामाच्या यादीत माणूस लिहून ठेवतो. ४ आलं तरी चालव, ८ आलं तर थांब. मला ही विभागणी अजून आवडते. किती गंभीर हे कंपायलर सांगतो, किती सोसायचं हे घरधनी ठरवतो, आणि त्या दोघांत बोलायला एक आकडा. तुझ्या कंपायलरचा शेवटचा कोड मी बघितला. एरर येवोत न येवोत, तू शून्यच परत करतेस. आज रात्री आधी ते दुरुस्त कर. मेक असो की कुठलीही स्क्रिप्ट, ती तुझे मराठी संदेश वाचत नाही, तो आकडा वाचते.

पातळ्या मात्र पाच नको. एरर, वॉर्निंग आणि टीप, एवढं पुरे. नावांत भपकाही नको. जीसीसीत ‘वॉल’ म्हणून स्विच आहे, म्हणजे सगळ्या वॉर्निंगा, पण त्यात सगळ्या येत नाहीत. उरलेल्यांतल्या काही ‘एक्स्ट्रा’त आहेत, काही त्यातही नाहीत. नवीन मुलं इथंच फसतात. तुझ्या स्विचला ‘सगळ्या’ नाव दिलंस तर सगळ्या दे.

वापरणाऱ्याला वाव किती, या तुझ्या प्रश्नावर माझा साधा हिशोब आहे. वर चढवायला पूर्ण मोकळीक: कुठलीही वॉर्निंग त्याला एरर करायची असेल तर करू दे. खाली उतरवायला मात्र एकेक वॉर्निंग नाव घेऊन, आणि जमेल तेवढ्या लहान जागेपुरती, म्हणजे ओळीपुरती, फार तर फाइलीपुरती. ‘सगळ्या गप्प’ असा स्विच देऊच नको. आणि ज्या एररनंतर प्रोग्रामला अर्थच उरत नाही, तो खाली उतरवायची सोय नसावी. फाइल नसणं त्यात आलं. रस्टवाल्यांनी मुख्य चार पायऱ्या केल्यात, चालू द्या, सावध करा, नाकारा, मनाई. ‘नाकारा’ आत कुणी सैल करू शकतो, ‘मनाई’ नाही. ती ‘मनाई’ उचलण्यासारखी आहे.

हे नाव घेऊन उतरवण्याचं एवढं लावून धरते, कारण सैल सोडलेली एक वॉर्निंग किती वर्षं छळते ते सीनं दाखवलंय. जुन्या सीत न जाहीर केलेलं फंक्शन बोलावलं तर कंपायलर समजून घ्यायचा की ते पूर्णांक परत देत असेल. आता तुझी ‘सरासरी’ दुसऱ्या फाइलीत आहे, दशांश संख्या देते, आणि तिचं हेडर तू आणायला विसरलीस. कंपायलर वॉर्निंग देतो, लिंकर दोन्ही जोडतो, प्रोग्राम चालतो, आणि बारावीतल्या पोरीची सरासरी भलताच आकडा दाखवते. नुसत्या चुकीच्या गुणांनी भागलं तर नशीब. पॉइंटर परत देणारं फंक्शन असेल तर ६४ बिटांच्या मशीनवर पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. टर्बो सीच्या काळात लहान मेमरी मॉडेलमध्ये पूर्णांकही १६ बिटांचा आणि पॉइंटरही १६ बिटांचा, त्यामुळं हेच पाप पचून जायचं. सीच्या १९९९च्या प्रमाणानं ही सवलत काढून टाकली. तरी जीसीसीनं ती नुसती वॉर्निंग ठेवली, कारण जुना कोड मोडेल. ती आपणहून एरर झाली २०२४च्या जीसीसी १४मध्ये. पंचवीस वर्षं!

आणि तेव्हाही जे झालं ते ऐक, कारण यात फाइल आणि पातळी दोन्ही येतात. पुष्कळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट असते. मशीनवर अमुक सोय आहे का, हे बघायला ती चार ओळींचा प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघते. झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही. त्या चार ओळींतच कुणाचं तरी हेडर आणायचं राहून गेलेलं असायचं. वर्षानुवर्षं वॉर्निंगवर निभावलं. वॉर्निंगचा एरर झाल्यावर ती चाचणी नापास होऊ लागली, आणि स्क्रिप्टनं निष्कर्ष काढला की सोयच नाही. बिल्ड मोडला नाही. पॅकेज तयार झालं, फक्त त्यातली एखादी सोय गायब. फेडोरासारख्या वितरणांत माणसांना हजारो पॅकेजं या नजरेनं तपासावी लागली. पातळी बदलताना तुझा एरर कोण वाचणार आहे, माणूस की दुसरा प्रोग्राम, हे म्हणून विचारावं लागतं. आणि म्हणूनच ‘फाइल नाही’चा कोड ‘व्याकरण चुकलं’च्या कोडापेक्षा वेगळा ठेव. दोन्हींना सरसकट १ देऊ नको.

वॉर्निंगला एरर करणारा स्विच तू स्वतःच्या कोडवर खुशाल लाव. मीही लावते. पण दुसऱ्याला कोड देताना तो आत शिवून देऊ नको. त्याचा कंपायलर उद्या नवा येतो, नव्या वॉर्निंगा आणतो, आणि काल चालणारा कोड त्याच्या घरी आज मोडतो, तुझी एक ओळही न बदलता. लिनक्स कर्नलमध्ये २०२१च्या सप्टेंबरात लिनस टोरवाल्ड्सनं हा स्विच सगळ्यांसाठी आपणहून चालू केला. तऱ्हेतऱ्हेच्या मशीनींवरून बिल्ड मोडल्याच्या तक्रारी आल्या, आणि थोड्याच दिवसांत तो आपणहून चालू राहणं तपासणीच्या बिल्डांपुरतं ठेवावं लागलं. रस्टचा कार्गो यावर शहाणपणानं वागतो: दुसऱ्याच्या आणलेल्या लायब्ररीतल्या वॉर्निंगा तो दाबून टाकतो, मग तिच्या लेखकानं आत कितीही कडक लिहून ठेवलेलं असो. तुझ्या ‘आणा’लाही ते लाव. माझ्या फाइलींवर माझे नियम, बाहेरच्यांचे फक्त खरे एरर.

स्विचांच्या क्रमाचा घोळही आत्ताच मिटव. सगळ्या वॉर्निंगा एरर कर, पण ‘न वापरलेलं नाव’ ही नको, असं दोन स्विचांत सांगितलं तर आधी कुठला आणि मग कुठला यावर निकाल लागू नये. जीसीसीचा नियम घे: जास्त नेमका जिंकतो, तो कुठंही लिहिलेला असो, दोन्ही सारखेच नेमके असतील तर नंतरचा.

आणखी एक, यात पोरं हमखास मार खातात. एरर आल्यावर अर्धवट लिहिलेली आउटपुट फाइल पुसून टाक. ती तशीच राहिली तर मेक तिची तारीख बघतो, नवी आहे म्हणतो, आणि पुढच्या खेपेला कंपाइलच करत नाही. मोडकी फाइल ताजी म्हणून मिरवते. आधी तात्पुरत्या नावानं लिही, सगळं ठीक झालं तरच खऱ्या नावावर ने. टाइपस्क्रिप्ट एरर असतानाही जावास्क्रिप्ट बाहेर काढतो, न काढण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. त्यांची कारणं असतील, तू त्या वाटेला जाऊ नको.

वाचायला काय, ते विचारलं होतंस. ढमढेरे सरांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक तुमच्या लायब्ररीत असेल, ते मुंबईच्या आयआयटीत शिकवायचे. तिथलेच प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या आतल्या रचनेवर कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबरचं त्यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसचं पुस्तक २००९चं, पण ते तुला आत्ता झेपणार नाही, एमटेकला बघ. लॅबमधल्या ज्युनिअर पोरांना मात्र टर्बो सीतून बाहेर काढायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दे. सी आणि सी-प्लस-प्लसचे धडे उबुंटूवर जीसीसी घेऊन केलेत, मराठीतही आहेत, आणि त्यात मुद्दाम चूक करून एरर कसा दिसतो ते दाखवतात. ते एक कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं.

आता उठ आणि टेस्ट लिही. नसलेली फाइल एक, दोन नसलेल्या फाइली एकदम, ‘असल्यास आणा’ची नसलेली, आणि ‘असल्यास आणा’ची असलेली पण आत चूक असलेली. मग परवानगी काढून घेतलेली फाइल. ती रूट म्हणून चालवू नको, रूटला परवानगीची अडचण येतच नाही आणि टेस्ट उगाच नापास होईल. मग फाइलीच्या नावाचं फोल्डर: लिनक्सवर सीतलं ‘एफओपन’ फोल्डरसुद्धा वाचायला बिनतक्रार उघडून देतं, वाचायला गेल्यावर मग ‘इज अ डिरेक्टरी’ म्हणतं, त्यामुळं तुझा कंपायलर त्याला रिकामी फाइल समजतोय का ते बघ. मला वाटतं समजत असेल. शेवटी एकमेकींना आणणाऱ्या दोन फाइली. त्या दोन्ही जागेवर असतात, पण तुझा आत्ताचा कोड त्यांच्यात गोल गोल फिरत मेमरी संपवेल. आणलेल्या फाइलींची यादी ठेवलीस की ते सुटेल. वऱ्हाडची टेस्ट उद्या कर, आज कापणीवर जाऊन ये.